मातीखालचं गोत

जून उजाडला की मुळशी धरणाच्या काठापासून ताम्हिणीच्या माथ्यापर्यंतची जमीन पोटातून हलायला लागते. खाचरांचे बांध पाणी पिऊन फुगतात, दगडाखालची माती सैल होते आणि उरलेलं वर्ष कुणाच्या नजरेला न पडणारे बिनपायाचे जीव वर येऊ लागतात. बांधावरचा दगड उलटला तर खाली बहुधा गांडूळ असतं. कधी चकचकीत, काळसर, सुतळीएवढा वाळा असतो. कधी शेपूट तिरकं छाटल्यासारखं दिसणारा खापरखवल्या. आणि नशीब जोरावर असेल तर चौथा एक जीव दिसतो: अंगावर एकापाठोपाठ एक कड्या, कातडी ओली आणि बुळबुळीत, डोकं कोणतं आणि शेपूट कोणतं ते पटकन कळू नये असा. जाणकार त्याला देवगांडूळ म्हणतात. बाकीचे त्याला सापाचं पिल्लू समजून फावड्याने तोडतात.

चौघांची ठेवण एकच, लांबट नळीची. गोत मात्र एक नाही. गांडुळाला पाठीचा कणाच नाही, म्हणजे ते या पंगतीत बसतच नाही. वाळा आणि खापरखवल्या हे दोघे साप खरे, पण सापांच्या कुळातही एकमेकांपासून फार दूरच्या फांद्यांवरचे. देवगांडूळ या तिघांपैकी कुणाचंच नाही. त्याच खाचरात रात्रभर ओरडणारा बेडूक त्याचा भाऊबंद लागतो.

आज शाळेच्या पुस्तकात एका ओळीत बसणाऱ्या या वाक्यापर्यंत पोचायला माणसाला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला, आणि त्याच्या पुढचे बारकावे अजून निघताहेत. त्या लांबलचक वादात एक मानाचं पान मुळशीच्या शेजारच्या मावळ तालुक्याला, खंडाळ्याला मिळालेलं आहे. त्याची कथा सांगण्यासारखी आहे, कारण प्राण्यांची नाती अंगावरून कशी ओळखायची आणि अंग पाहणारा माणूस कुठे कुठे फसतो, हे दोन्ही तिच्यात आहे.

कार्ल लिनियसने १७५८ साली आपल्या ग्रंथाची दहावी आवृत्ती काढली आणि जगातल्या माहीत असलेल्या सगळ्या प्राण्यांना दोन-दोन शब्दांची नावं दिली. त्यात देवगांडुळांच्या दोन जाती आहेत, आणि त्या सापांच्या गणात आहेत. त्याला हसण्यात अर्थ नाही. त्याच्यासमोर होते ते दूरदेशाहून आलेले, मद्यार्कात बुडवलेले, रंग उडालेले नमुने आणि इतरांनी काढलेली चित्रं. पाय नाहीत, अंग लांब, मग साप. जिवंत जनावर हातात घेऊन त्याचा ओलसरपणा त्याने कधी पाहिला असेल असं वाटत नाही. शिवाय त्याच्या लेखी साप, सरडे, बेडूक हे सगळे एकाच वर्गात होते आणि त्या वर्गात त्याने शार्क माशांनाही कोंबलं होतं. घरच इतकं भरलेलं असताना एका पाहुण्याची खोली चुकली तर नवल नाही.

पहिली दुरुस्ती १८११ साली झाली. मिखाएल ओपेल नावाचा बव्हेरियन निसर्ग-अभ्यासक पॅरिसच्या संग्रहालयात काम करून गेला होता. सरपटणाऱ्यांची मांडणी करताना त्याने देवगांडुळांना सापांतून उचललं आणि बेडूक व सॅलॅमँडर यांच्या शेजारी नेऊन बसवलं. उघडी, खवले नसलेली कातडी हा त्याचा मोठा आधार होता. पॅरिसमध्ये तेव्हा ज्यांचा शब्द अखेरचा मानला जायचा त्या जॉर्ज क्युव्हिएने मात्र पुढेही देवगांडुळं सापांतच ठेवली, 'नागडे साप' असा त्यांचा वेगळा गट करून. क्युव्हिए म्हणजे एका हाडावरून अख्खा प्राणी उभा करणारा माणूस अशी त्याची ख्याती. त्यालाही बिनपायाच्या लांब अंगाची मोहिनी सोडवेना.

कातडीचा पुरावा तसा लंगडाच होता. देवगांडुळाच्या अंगावरच्या कड्यांच्या खाचांत, कातडीच्या आत, बारीक बारीक खवले दडलेले सापडतात. म्हणजे 'खवले नाहीत म्हणून साप नाही' हा युक्तिवाद तिथेच कोसळला असता. पण खवला कशाचा आहे हे पाहावं लागतं. सापाचा खवला हा कातडीच्या वरच्या थराचा, नखासारखा. देवगांडुळाचा खवला खालच्या थरात रुजलेला आणि घडणीने माशाच्या खवल्याकडे झुकणारा. नाव एक, वस्तू दोन. अंगावरून नातं काढताना ही चूक वारंवार होते: आपण वस्तूऐवजी तिचं काम किंवा तिचं नाव जुळवून पाहतो.

खरी साक्ष कवटीच्या मागच्या टोकाला मिळते. कवटी मानेच्या पहिल्या मणक्यावर जिथे टेकते तिथे सापाला एक गोल उंचवटा असतो. सरड्याला, पक्ष्यालाही एकच. बेडकाला दोन असतात, सॅलॅमँडरला दोन, आणि देवगांडुळालाही दोन. वाचकाने इथे मान वळवली तर ती दोन उंचवट्यांवरच वळेल, कारण माणसालाही दोनच आहेत. म्हणून काही आपण बेडकाचे चुलते होत नाही. सस्तन प्राण्यांनी ते दोन उंचवटे आपल्या वाटेने, वेगळे मिळवले. एका खुणेवर नातं ठरवू नये, खुणांची जुडी लागते, ही गोष्ट शरीररचनेच्या अभ्यासकांना पुढे अनेकदा ठेच लागून कळली.

जुडीतली दुसरी खूण बॉनच्या योहानेस म्युलरला १८३१ साली सापडली, तीही जंगलात नाही, हॉलंडमधल्या लायडनच्या संग्रहालयात. एका बरणीत देवगांडुळाचं छोटं पिल्लू होतं. त्याच्या मानेच्या दोन्ही बाजूंना भोकं होती. म्युलरने ती निरखली आणि त्याच्या लक्षात आलं की ही कल्ल्यांची भोकं आहेत. सापाच्या, सरड्याच्या, पक्ष्याच्या पिल्लाला अंड्याबाहेर आल्यावर कल्ल्याची उघडी फट कधीच नसते. पाण्यात कल्ल्यांनी श्वास घेणारं पोर आणि मोठेपणी फुप्फुसं, ही तर बेडकाची रीत. बरणीतल्या एका पिल्लाने लिनियसचा गण मोडला म्हटलं तरी चालेल. म्युलर हा त्या शतकातला शरीरशास्त्राचा मोठा गुरू, त्यामुळे त्याचं म्हणणं ऐकलं गेलं.

१८५९ मध्ये डार्विनचं पुस्तक आलं आणि 'वर्गीकरण' या कोरड्या शब्दाला वंशावळीचा अर्थ आला. त्यात त्याने एक मुद्दा मांडला आहे जो देवगांडुळाच्या बाबतीत तंतोतंत लागू पडतो. प्राण्याच्या रोजच्या जगण्याशी जो अवयव जितका जास्त बांधलेला, तितका तो नातं सांगायला कमी उपयोगी. आणि ज्या बारीकसारीक गोष्टीचा पोट भरण्याशी फारसा संबंध दिसत नाही, ती जास्त बोलकी. लांब अंग, पाय गळालेले, डोळे बारीक, डोकं टणक हे सगळं माती उकरण्याच्या धंद्यातून येतं. माती ज्याला ज्याला पोटाशी घेते त्याला ती असाच घडवते, मग तो साप असो, सरडा असो की बेडकाचा भाऊ. दिसण्यावर गेलात की मातीने घडवलेलं रूप पाहता, कूळ नाही. हे एवढं तत्त्व कळलेले लोकही पुढे दोनदा त्याच खड्ड्यात पडले, हे या कथेतलं मला सर्वांत रोचक वाटतं.

पहिल्यांदा पडले ते सारासिन. पॉल आणि फ्रिट्झ सारासिन हे स्वित्झर्लंडच्या बाझल शहरातले नात्यातले भाऊ, घरचे गडगंज श्रीमंत. १८८३ साली ते सिलोनला उतरले आणि तिथल्या देवगांडुळांवर त्यांनी जे काम केलं त्याला तोड नाही. ओढ्याकाठच्या ओल्या मातीत मादी बीळ करते, अंड्यांचा घोस घालते आणि त्याला वेटोळं घालून राखण करत बसते, हे त्यांनी पाहिलं, रेखाटलं, मोठमोठ्या रंगीत पत्र्यांवर छापलं. अंड्यातल्या गर्भाला पिसासारखे लांब, लाल कल्ल्यांचे झुबके असतात. बाहेर पडायच्या सुमाराला ते गळतात, पिल्लू ओढ्यात जातं, मानेवर कल्ल्याची फट घेऊन पोहतं आणि पुढे रूप पालटून जमिनीत शिरतं. म्युलरने बरणीत पाहिलेल्या खुणेचा सगळा जन्मवृत्तांत त्यांनी मांडला. देवगांडूळ उभयचर आहे यावर आता वाद उरला नाही.

पण उभयचरांत कुणाचं? सारासिनांनी बोट ठेवलं अमेरिकेतल्या अँफियुमा या सॅलॅमँडरवर. तो बामसारखा लांब, त्याचे पाय काडीएवढे आणि त्याची मादीही अंड्यांना वेटोळं घालून बसते. अमेरिकेचा एडवर्ड कोपही त्याच मताचा होता. त्यांच्या मते देवगांडूळ म्हणजे पाय पूर्ण गमावलेला सॅलॅमँडर. पुन्हा लांब अंग आणि गळालेले पाय! लांब अंगाच्या प्राण्याला अंडी राखायची तर तो वेटोळं घालणार नाही तर काय करणार? सापांतली अजगराची मादीही तेच करते. ही कल्पना पुढे मागे पडली. आज देवगांडुळं, सॅलॅमँडर आणि बेडूक या उभयचरांच्या तीन स्वतंत्र शाखा धरतात.

तिन्ही शाखा एकाच मुळाच्या आहेत हे दाखवायला दातांचा मोठा उपयोग झाला. टॉमस पार्सन्स आणि अर्नेस्ट विल्यम्स या अमेरिकन अभ्यासकांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की या तिघांचा दात दोन तुकड्यांचा असतो: खाली बुंधा, वर टोक, आणि मधे हाडासारखा कडक न झालेला मऊ पट्टा. टोक किंचित आत झुकू शकतं. बेडकाच्या, सॅलॅमँडरच्या आणि देवगांडुळाच्या खाण्याच्या तऱ्हा पाहिल्या तर तिघांनी ही घडण स्वतंत्रपणे काढली असावी असं मानणं जड जातं. डार्विनला आवडली असती अशी ही खूण आहे: इतकी बारीक की भिंगाशिवाय दिसू नये.

देवगांडुळाचं डोकं हे तर स्वतंत्र प्रकरण आहे. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधे एक छोटं छिद्र असतं आणि त्यातून एक इवली स्पर्शिका आत-बाहेर होते. मातीतला वास ती टिपून आत पोचवते. पृथ्वीवर दुसऱ्या कुठल्याही प्राण्याला हा अवयव नाही. गंमत अशी की ती आत ओढणारा स्नायू मूळचा डोळ्याचा आहे. बेडूक घास गिळताना डोळे आत खेचतो ना, तेच काम करणारा स्नायू इथे स्पर्शिकेच्या चाकरीला लागला. अंधारात डोळ्याला काम उरलं नाही, पण त्याची दोरी मोडीत न काढता दुसऱ्या खुंटीला बांधली गेली. जबडा मिटायलाही यांच्याकडे दोन व्यवस्था आहेत: एक सगळ्यांना असते ती, आणि दुसरी जबड्याच्या मागे वाढलेल्या हाडाच्या टोकाला मानेकडून खाली ओढणारी. अरुंद बिळात तोंडाच्या बाजूला स्नायू फुगायला जागा नसते, तेव्हा ही दुसरी कामी येते.

या डोक्याचा अभ्यास भारतात बंगळूरला फार आस्थेने झाला. सेंट्रल कॉलेजात सी. आर. नारायण राव यांनी उभयचरांच्या अभ्यासाची गादी घातली. १९३० आणि ४० च्या दशकांत बी. आर. शेषाचार आणि एल. एस. रामस्वामी यांनी ती चालवली. रामस्वामींचा हात कवटीवर. त्या काळात कवटीचा आतला नकाशा काढायचा म्हणजे डोकं मेणात बसवून त्याचे कागदाहून पातळ काप घ्यायचे, एकेक काप रंगवून काचेवर ठेवायचा, चित्र काढायचं आणि मग सगळी चित्रं मनात एकावर एक रचायची. आज क्ष-किरणांचं यंत्र हे काम नमुना न कापता करतं. रामस्वामींची पिढी ते डोळ्यांनी आणि सबुरीने करत होती.

दुसरी फसगत कवटीनेच केली. अनेक देवगांडुळांची कवटी वरून बंद, घट्ट, फटी नसलेली असते, तर बेडकाची कवटी म्हणजे चार काड्यांची चौकट. १९७५ साली रॉबर्ट कॅरल आणि फिलिप करी यांनी असा विचार मांडला की देवगांडुळं मायक्रोसॉर नावाच्या फार जुन्या, मुळापासून बंद कवटीच्या प्राण्यांतून आली असावीत आणि बेडकांची वाट वेगळी असावी. युक्तिवाद भक्कम होता, हाडांच्या जोडण्या एकेक करून जुळवलेल्या होत्या. पण डोक्याने माती फोडणाऱ्याची कवटी घट्ट होणारच. पुढे त्या जीवाश्मांच्या कवट्या नव्या यंत्रांत घालून आतून पाहिल्या, तेव्हा ते साम्य बिळातल्या जगण्याने दिलेलं असावं असा निष्कर्ष निघाला. तीच माती, तीच फसवणूक, फक्त दीडशे वर्षांनी आणि अधिक हुशार माणसांना.

दरम्यान १९९३ साली अमेरिकेतल्या ॲरिझोनात सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकातून फॅरिश जेंकिन्स आणि डेनिस वॉल्श यांनी एक जीवाश्म जाहीर केला: इओसिसिलिया मायक्रोपोडिया. अंग लांब, जबड्यामागे ते वाढलेलं हाड, दात दोन तुकड्यांचे, आणि चार छोटे पाय. पाय असलेलं देवगांडूळ! २०२३ मध्ये त्याच राज्यातून २२ कोटी वर्षांपूर्वीचा फंकसवर्मिस हा आणखी जुना नातलग पुढे आला. त्याचे जबडेच मुख्यतः मिळाले, पण दातांनी ओळख पटवली.

आता खंडाळा.

एडवर्ड हॅरिसन टेलर हा कॅन्सस विद्यापीठाचा प्राध्यापक. फिलिपिन्समध्ये वर्षानुवर्षं साप-बेडूक गोळा केलेला, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हेरखात्यासाठी सिलोनमध्ये राहिलेला, स्वभावाने वादळी माणूस. जगभरच्या देवगांडुळांची खानेसुमारी त्याने हाती घेतली ती सत्तरीच्या सुमारास, जेव्हा इतर प्राध्यापक बाग करतात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या बरण्यांत त्याला पुणे जिल्ह्यातल्या खंडाळ्याहून आलेले वीतभर लांबीचे नमुने मिळाले. दात, स्पर्शिकेची जागा, कड्यांची गणती हे सगळं पाहून त्याने ठरवलं की हे ठाऊक असलेल्या कुठल्याच प्रजातीत बसत नाही. १९६० मध्ये त्याने नवी प्रजाती केली, इंडोटिफ्लस, आणि जातीला त्या संग्रहालयातल्या बॅटर्सबी या अभ्यासकाचं नाव दिलं: इंडोटिफ्लस बॅटर्सबायी. १९६८ साली त्याचा जगातल्या देवगांडुळांवरचा आठशेहून अधिक पानांचा ग्रंथ आला, तेव्हा तो ऐंशीला टेकला होता.

टेलर खंडाळ्याला आल्याची नोंद नाही, आणि त्याची त्याला गरजही पडली नाही. पण बरणीवरून काम करण्याला एक मर्यादा असते: दुसरा नमुना हवा असेल तर पावसात दगड उलटणारा कुणीतरी लागतो. पुढची चव्वेचाळीस वर्षं या प्रजातीत एकच जात राहिली. मग बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत काम करणारे वरद गिरी सह्याद्रीच्या घाटात उतरले. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे डेव्हिड गॉवर आणि मार्क विल्किन्सन हे देवगांडुळांचे आजचे सर्वांत जाणते अभ्यासक त्यांच्या जोडीला होते. २००३ मध्ये आंबोलीची नवी जात जाहीर झाली, गेगेनिओफिस डॅनिएली; सोसायटीचे जे. सी. डॅनियल यांच्या नावाने. त्याच वर्षी रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोरले गावच्या एका जातीला बंगळूरच्या शेषाचारांचं नाव मिळालं. २००४ मध्ये कोयनेच्या परिसरातल्या हुंबरळीतून इंडोटिफ्लसची दुसरी जात आली: इंडोटिफ्लस महाराष्ट्राएन्सिस.

या कामात भांडण कशावरून चालतं ते पाहिलं की बाहेरच्याला हसू येईल. गेगेनिओफिस आणि इंडोटिफ्लस बाहेरून इतके सारखे की शेतकऱ्याने त्यांना एकच म्हणावं. फरक तोंड उघडल्यावर दिसतो. देवगांडुळाच्या वरच्या जबड्यात दातांच्या दोन रांगा असतात, एक ओठाजवळ आणि एक आत टाळूवर. इंडोटिफ्लसमध्ये टाळूवरच्या रांगेत मधेच फट पडते. गेगेनिओफिसची रांग सलग जाते आणि त्याचा डोळा हाडाखाली गाडलेला असतो. मातीत शिरायला त्या फटीचा काय फायदा? सांगता येत नाही. म्हणूनच ती पाहायची.

आणि इथून कथा घाट उतरून समुद्रात जाते. सेशेल्स बेटांवर देवगांडुळं आहेत. खारं पाणी उभयचराच्या ओल्या कातडीला मारक, त्यामुळे इतक्या दूरच्या बेटांवर ती पोहून किंवा ओंडक्यावर बसून गेली असतील हे पटणारं नाही. दात, कवटी आणि पुढे जनुकं यांनी एकच सांगितलं: सेशेल्सची देवगांडुळं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या देवगांडुळांपेक्षा सह्याद्रीतल्या गेगेनिओफिस-इंडोटिफ्लसला जवळची. बेटं तिथे तरंगत गेलेली नाहीत, भारताच्या भूखंडापासून तुटून मागे राहिली आहेत. ती ताटातूट झाली साधारण ६ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी, दख्खनच्या लाव्हाचे पूर ओसरत असताना. मुळशीचा काळा कातळ हा तोच लाव्हा. त्या वेळी तापलेल्या, उजाड पठारावर ओलाव्यावाचून न जगणारा हा प्राणी राहत असेल हे अशक्य वाटतं. तेव्हा खंडाळ्याच्या देवगांडुळाचे पूर्वज लाव्हाबाहेरच्या ओल्या मुलखात तगले आणि कातळ झिजून त्याची माती झाल्यावर इकडे सरकले, असं मानायला जागा आहे.

फ्रान्समधल्या लेस्क्युर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली देवगांडुळांची एक नवी मांडणी केली होती. घाईची आणि कच्ची म्हणून तिच्यावर टीका झाली, ती बरीचशी रास्तच होती. त्या मांडणीत इंडोटिफ्लिडी नावाचं एक कूळ होतं, आणि तेही इतरांबरोबर अडगळीत गेलं. २०११ मध्ये विल्किन्सन, गॉवर आणि इतरांनी सगळा पुरावा एकत्र करून जगातल्या देवगांडुळांची नऊ कुळं पाडली, तेव्हा त्यांना हे नाव उचलून झटकावं लागलं. आता त्या कुळात सह्याद्रीच्या दोन प्रजाती आहेत, सेशेल्सच्या तीन आहेत, इथियोपियाच्या जंगलातली सिल्व्हासिसिलिया आहे आणि थेट कॅमेरूनमधली इडिओक्रेनियम आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या एका प्राण्याचं आडनाव मावळ तालुक्यातल्या वीतभर प्राण्यावरून पडलं, आणि आमच्याकडे त्याचा पत्ता घाटातल्या टपरीवाल्यालाही नाही. पुढच्याच वर्षी ईशान्य भारतातून दहावं कूळ जाहीर झालं, चिकिलिडी. त्याचेही सगळ्यात जवळचे सोयरे आफ्रिकेत निघाले.

इंडोटिफ्लिडी या कुळाने जुन्या अभ्यासकांपुढे शेवटी एक कोडंही टाकलं आहे. गेगेनिओफिसच्या अंड्यातून थेट लहान देवगांडूळ बाहेर येतं. पाण्यातलं पोरपण नाही, मानेवर कल्ल्याची फट नाही. सेशेल्सच्या काही जातींचंही तसंच. पण त्याच बेटांवरच्या इतर काही जातींना आणि इथियोपियाच्या सिल्व्हासिसिलियाला पाण्यात वाढणारी, कल्ल्याची फट असलेली पिल्लं होतात. जुन्या समजुतीप्रमाणे पाण्यातलं पिल्लू हे मूळ आणि थेट जन्म हा नंतरचा बदल. २०१४ साली जनुकांवरून काढलेली या कुळाची वंशावळ मात्र उलट शक्यता पुढे करते: यांच्या पूर्वजांनी पाण्यातलं पोरपण सोडून दिलेलं होतं आणि काही शाखांनी ते पुन्हा धरलं. तसं असेल तर म्युलरला १८३१ साली बरणीतल्या मानेवर दिसलेल्या फटीसारखी फट सेशेल्सच्या पिल्लाला आज दिसते ती आजोबांकडून सरळ आलेली नाही, एकदा बुजून पुन्हा उघडलेली आहे. म्युलरचा निष्कर्ष त्याने बदलत नाही. पण यापुढे कुणा देवगांडुळाच्या पिल्लाला कल्ल्याची फट दिसली तर ती पहिल्या खेपेची की दुसऱ्या, हे आधी तपासावं लागेल.